राजाची शाल

"सायेब, शाल नका जाळू," नूरमोहम्मद पुन्हा म्हणाला. "आख्खा दरबार जाळा, पण शाल नको."

दिग्दर्शक सुदर्शननं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पैठणजवळ जायकवाडी धरणाच्या आटलेल्या पात्रात दोन हजार वर्षांपूर्वीचा अय्याश दरबार मांडला होता. सरदारांना घोड्यांची मुंडकी, राण्या चिखलात लोळून द्राक्षं खातायत, राजा मांडीवर मासा घेऊन कुरवाळतोय. सिनेमा कलात्मक होता, त्यामुळं अर्थ कुणी विचारत नव्हतं. शेवटी राजा आपली हातमागावरची हिमरू शाल भाल्यावर टांगून पेटवणार, की झालं.

कपडेपटात नव्यानं लागलेली माहनूर ही नूरमोहम्मदची नात. पहिलीच नोकरी. "माझे दादाअब्बा हिमरूचे उस्ताद आहेत," असं छातीठोकपणे सांगून तिनंच तीन महिन्यांपूर्वी शालीचं काम घरी आणलं होतं. तिला नाही कसं म्हणायचं? नूरमोहम्मदचे हात दोन वर्षांपासून थरथरत होते. त्यानं बाजारातून पॉवरलूमची शाल आणली आणि आपणच विणली म्हणून नातीच्या हातात ठेवली. हिमरू सूत-रेशमाची, जळली की तिची राख होते. पॉलिस्टर वितळतं. ही पारख त्यानंच तिला लहानपणी धागा जाळून शिकवली होती. सगळी दुनिया हसली तरी चाललं असतं, पण या एका पोरीच्या मनातून त्याला उतरायचं नव्हतं.

"ॲक्शन!"

राजानं मशाल लावली. शाल आक्रसली आणि काळे थेंब टपटप गळायला लागले.

"हे तर प्लास्टिक आहे!" सुदर्शन ओरडला. "कुणी फसवलं मला?"

नूरमोहम्मद उठू लागला.

"मी, सर." माहनूर पुढं आली. "खरी घरी ठेवली, ही बाजारातली आणली. दादाअब्बांची मेहनत जाळायला माझा हात धजला नाही."

"मग घाल ती खरी चुलीत!" म्हणत सुदर्शननं तिला तिथल्या तिथं काढून टाकलं.

एसटीच्या थांब्यावर नूरमोहम्मद ढसाढसा रडला. "बेटा, घरी कुठली आलीय खरी शाल? मी विणलीच नाय."

माहनूरनं ओढणीनं त्याचे डोळे पुसले.

"तुम्ही विणायला पाय सोडून बसता ना, त्या मागाच्या खड्ड्यात मांजरी व्यालीय, दादाअब्बा. दोन महिने झाले. तिला दूध मीच घालते."