बस्त्याचा हात

“मुझफ्फर कुठं गेला?” रामप्रसादशेठनी गल्ल्यावरून पुन्हा विचारलं.

“पाणी प्यायला,” तृप्ती म्हणाली, आणि तिनंही जिन्याकडं पाहिलं.

“मंग इतका वेळ? विहीर खांदून राह्यला का?”

पाणी खाली तळघरात होतं आणि काउंटर सोडला की दंड होता. दोन्ही सोयी शेठनीच केल्या होत्या. तृप्तीनं ते बोलून दाखवलं नाही. फ्लोअर इनचार्जचं अर्धं काम न बोलण्याचंच असतं.

ऐन लग्नसराईत जालन्यातल्या त्या साडीच्या दुकानात माणसं टिकत नव्हती. दिवसभर उभं राहायचं. बसलेला सेल्समन गिऱ्हाइकाला आळशी वाटतो, हे शेठना गादीवर बसल्या बसल्या सुचलं होतं. माणसं टिकावीत म्हणून त्यांनी दारात ‘महिन्याचा मानकरी’ अशी फ्रेम लावली. ज्याचा फोटो लागला तो पुढच्या पगाराला निघून गेला. तेव्हापासून कुणी मोबाइल वर धरला की पोरं गठ्ठ्यांमागं लपत.

राहिला होता मुझफ्फर. तो स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून पैठणी दाखवी, तेव्हा नवरीची आई नवरीला विसरून स्वतःसाठी भाव विचारी. आणि आज समोरच्या नव्या चार मजली दुकानाच्या काचेवर पाटी होती : मॅनेजर पाहिजे, मुलाखती आज चारपर्यंत.

“तो गेला तर सीझन गेला,” शेठ सकाळीच म्हणाले होते. “आन् सीझन गेला तर तूबी गेली समज.”

मुझफ्फर वर आला. अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

“ताई, अर्ध्या घंट्याची सुट्टी पाहिजे. चारच्या आत समोर जाऊन येतो.”

निदान खोटं बोलला नाही. तृप्तीला ते जास्तच टोचलं.

“तिथं काय सोनं वाटून राह्यले का, भाई? घंट्याघंट्याला सेल विचारतेत. टार्गेट हुकलं की सगळ्यांम्होरं उभं करतेत.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“तिथल्या पोरी सांगतेत.”

“पण खुर्ची देतेत ना?” मुझफ्फरनं पँट जराशी वर ओढली. पाय सुजून दोऱ्यानं आवळल्यासारखे झाले होते. “घरी अफ्रीन तेल लावती. म्हणती, अब्बा, ये पावां हैं के खंबे?”

तृप्ती तडक शेठकडं गेली. स्टूल पाहिजे, आत्ता पाहिजे.

“एकाला दिलं की सगळे मागतेन.”

“सगळे हायत कुठं, शेठ?”

स्टूल आलं. मुझफ्फरनं त्याच्याकडं सासरच्या आहेराकडं बघावं तसं बघितलं. बसला नाही. “बरं हाय,” म्हणाला. “जाऊन येतो.”

तृप्तीनं घड्याळ पाहिलं, रस्ता पाहिला, पुन्हा घड्याळ पाहिलं. तेवढ्यात दाराशी जीप थांबली आणि केदारखेड्याचं अख्खं लग्नघर उतरलं. पुढं साळूबाई, नवरीची आजी. मागं सगळा गोतावळा.

“बस्ता बांधायचाय, माय. पर आमच्यात एक हाय. ज्याच्या हातानं बस्ता उघडला, त्याच्याच हातानं बांधायचा. मधी हात बदलला की संसाराला नाट लागती. कोण दाखवतंय?”

“मुझफ्फरभाई,” तृप्ती श्वास न घेता म्हणाली.

“ताई...” मुझफ्फरनं तिच्याकडं पाहिलं.

“लग्नाचं घर हाय, भाई.”

“लई नाव ऐकून आलोत, बापू,” साळूबाई म्हणाली आणि फतकल मारून बसली.

मुझफ्फरनं काचेपलीकडं एकदा बघून घेतलं. मग पहिली घडी उलगडली.

तृप्तीला एका जागी उभं राहवत नव्हतं. तो जरा दाराकडं वळला की ती चहा पाठवी. चहा संपला की मावश्यांना म्हणे, “हिरव्यातलं न्हाई पाह्यलं अजून.” साळूबाईला आग्रह लागतच नव्हता.

“ही नको. नवरीला नेसवायचीय, बैलाला झूल न्हाई घालायची.”

साड्यांचा ढीग मुझफ्फरच्या कमरेला लागला. खांद्यावर पदर, कपाळावर घाम. चार वाजत आले, तरी अजून मामींच्या साड्यांना हातच लागला नव्हता. त्यानं मान खाली घातली आणि मुकाट पुढची घडी उलगडली.

शेठ गल्ल्यावरून तृप्तीकडं बघून हसले. असं ते मार्चअखेरीचा नफा बघूनच हसत. “आता न्हाई हालत तो. शाबास.”

“मी जरा सुट्टे घेऊन येते, शेठ.”

“जा, जा. दमलीस.”

तृप्तीनं रस्ता ओलांडला. जवळजवळ पळतच ती तीन जिने चढली. वरच्या केबिनमधल्या साहेबानं घड्याळ पाहिलं आणि तिला बसायला सांगितलं.

“अगदी वेळेत आलात, मॅडम. शेवटची दोनच नावं राहिली होती. तुमचं आणि तुमच्याच दुकानातल्या मुझफ्फरचं. खरं सांगू? आमचा कल त्यांच्याकडं होता. ते नाही आले?”

तृप्तीनं धाप आवरली, ओढणी सारखी केली.

“ते न्हाई येणार, सर. लई इमानी माणूस. हातातलं काम टाकून असं कुठं जात न्हाई.”