वर वारा नसतो

तंबूची खुंटी तिसऱ्यांदा उखडली तेव्हा तिने ती पुन्हा ठोकून वर दगड ठेवला. बाबा म्हणायचे, वर वारा अजिबात नसतो. इथे माथ्यावर तर वाऱ्याने उच्छाद मांडला होता. ऋतूऋतूचा फरक, तिने मनाची समजूत घातली.

अकरा वर्षं ते दर हिवाळ्यात या डोंगरावर एकटे मुक्कामाला यायचे. आदल्या दिवशी न चुकता फोन.

"येतेस?"

"बाबा, मी पाणी प्यायला उठले तरी घरभर दिवे लावते. तुम्ही या जाऊन."

"तासभर पान वाजलं तरी वाघ वाटतो. मग झोप लागते."

"तुम्हाला काय, भीती माहीतच नाही."

यावर ते नुसतं "हं" म्हणायचे.

दोन महिन्यांपूर्वी ते गेले तेव्हा या वर्षीची सॅक भरून तयार होती. तिला रडू आलं नाही. अकरा नकार तेवढे सलत राहिले. शेवटी तीच सॅक पाठीला लावून ती निघाली.

अंधार पडला तशी तिने तंबूची चेन लावून घेतली. बाहेर कुणीतरी चालत होतं. बॅटरी घट्ट धरून तिने बराच वेळ कानोसा घेतला. तंबूचंच कापड फडफडत होतं. "घाबरट," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिला हसू आलं. तासाभराने खरंच झोप लागली.

सकाळी पायथ्याच्या चौकीवर परतल्याची सही करताना तिला राहवलं नाही. तिने वनरक्षकाला मोबाइलवर बाबांचा फोटो दाखवला.

"यांची मुलगी मी."

"मास्तरांची?" तो उठून उभा राहिला. "यंदा आले नाहीत ते?"

"गेले."

तो हळूच खाली बसला.

"काल त्यांच्याच जागी झोपले," ती म्हणाली. "माथ्यावर. उशीर केला, पण आले."

"माथ्यावर?" त्याने चौकीच्या मागच्या खिडकीतून भिंतीलगतच्या जागेकडे बोट दाखवलं. "मास्तर तंबू इथे लावायचे, या आडोशाला. दरवर्षी. पहिल्या वळणापर्यंत जायचे नि माघारी यायचे. मी चेष्टा केली की म्हणायचे, एकट्याला भीती वाटते रे. मुलगी धीट आहे माझी, ती आली की जाईन वर."