साहेबांचं रक्त

साहेबांनी बाही वर सरकवली आणि हात नर्सपुढे केला. "घ्या. या नळीपायी पाचव्यांदा रक्त देतोय. आणि एका सहीसाठी नखरे मात्र मॅडमचे!"

मॅडम म्हणजे तपासणी विभागातली सगळ्यांत नवी. तिची सही झाली की नळ्या उद्या रुग्णालयात जाणार होत्या. ऑपरेशनच्या वेळी तान्ह्या बाळांचं रक्त यंत्रातून फिरवायला. नळीला आतून दोन पॉलिमर एकमेकांत गुंफून केलेला लेप होता. ताजं रक्त तिच्यात अर्धा तास गोठलं नाही, की नळी पास. चार वेळा पास झाली होती. चारही वेळा रक्त साहेबांचं.

नर्सनं सुई काढून कापूस दाबला. तो लाल झाला. दुसरा दाबला. तोही.

"साहेब, तुमचं रक्त थांबतच नाही," नर्स पुटपुटली. "दर वेळी हेच."

मॅडमनं मान वर केली. "सर, रक्त पातळ व्हायची गोळी घेता तुम्ही?"

"माझी नाडी बघायला ठेवलंय का तुला?"

"घेता की नाही?"

"दोन वर्षं झाली. मग?"

"मग ही नळी नाही पास झाली. तुमची गोळी पास झाली. म्हणून हौसेनं हात पुढे करता होय!"

साहेबांनी कापूस फेकून बोट रोखलं. "कालची पोर तू! आयत्या वेळी खोडा घालतेस? घरी बाळ आहे ना तुला? तिथं चालव हा शहाणपणा."

बाळ आठ महिन्यांचं होतं. तिनं बाही वर केली. "ताई, माझं घ्या."

नर्सनं साहेबांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि नव्या सुईचं पाकीट फोडलं.

रक्त नळीत भरलं. दोन्ही टोकांना चिमटे लागले. ती नळी हलवत राहिली. आत लाल रेघ मागे-पुढे सरकत होती. सातव्या मिनिटाला सरकेनाशी झाली.

"तापट बायकांचं रक्त असंच," साहेब टेबलावर ओणवे होत म्हणाले. "हे धरायचं नाही. ओत ते सिंकमध्ये, आणि सही कर."

तिनं चिमटे काढले. नळी सिंकवर उभी धरली. झटकली.

काहीच पडलं नाही.

टप्प असा आवाज झाला तो टेबलावर. साहेबांच्या कोपरातून रक्ताचा थेंब, कोऱ्या अहवालावर.