मण्यांचा डबा

रसायनशास्त्रातला मोलचा धडा दरवर्षी निम्म्या वर्गाच्या डोक्यावरून जायचा, म्हणून सरांनी यंदा दोन पद्धतींची तुलना करायची ठरवली. चिठ्ठ्या टाकल्या. ब तुकडीला वजनावरून संख्या काढून बघायला मणी आणि तराजू मिळाले, अ तुकडीच्या वाट्याला नेहमीचा खडू-फळा आला. इकडचं तिकडे कळलं तर तुलनेचा बट्ट्याबोळ, म्हणून मण्यांचा डबा कपाटात कुलूपबंद.

सरांची लेक अ तुकडीत होती. रोज संध्याकाळी ती वही घेऊन यायची. “बाबा, काही केल्या डोक्यात शिरत नाही हो. दुसऱ्या कुठल्या तरी पद्धतीनं सांगा ना!” सर मान खाली घालून तेच सूत्र पुन्हा लिहून द्यायचे.

निकाल लागला. ब तुकडीनं बाजी मारली. मुख्याध्यापिकांनी सरांची पाठ थोपटली, “पुढच्या वर्षीपासून सगळ्यांना मणीच!”

सर डबा घेऊन तडक घरी आले. लेक पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म भरत होती. रसायनशास्त्रावर तिनं काट मारली होती.



“तुमच्याकडून शिकूनही कळलं नाही, म्हणजे डोकंच कच्चं माझं. तुम्ही तरी काय करणार, बाबा?”