चेहऱ्यासकट

पाठवलेल्या फोटोवरून निवड झाली तर प्रज्ञाला वर्षभराचं मार्गदर्शन, मुंबईत प्रदर्शन आणि दिवंगत छायाचित्रकार बुरांडेसरांचा कॅमेराही मिळणार होता. तोटा कुठेच दिसत नव्हता. फक्त सरांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या त्या उपक्रमात नियमही सरांचाच होता: ज्याची व्यथा फोटोत, त्याला तो आधी दाखवायचा, त्याने हो म्हटलं तरच पाठवायचा.

फोटो झकास होता. बिडी कारखान्याचा मुनीम बिड्या वळणाऱ्या नरसम्माच्या चांगल्या बिड्या खराब ठरवून स्वतःच्या पिशवीत भरत होता आणि नरसम्मा त्याच्याकडे बघत होती.

"अक्का, तुमचा चेहरा कापून पाठवते. नाहीतर काम जाईल तुमचं," फोटो दाखवत प्रज्ञा म्हणाली.

"चेहरा कापलास तर बघणारं कोण उरलं गं?" नरसम्मा म्हणाली. "आजवर सगळ्याजणींनी बघून न बघितल्यासारखं केलं, तेवढं पुरे. पाठव तसाच. आणि खाली माझं नाव घाल."

प्रज्ञाची निवड झाली, कॅमेरा गळ्यात आला. फोटो मुंबईच्या प्रदर्शनात लागला, त्याचा बोभाटा झाला; मुनीमाला काढून टाकलं, बाकीच्या बायकांच्या बिड्या नीट मोजल्या जाऊ लागल्या. किंमत मोजली एकट्या नरसम्माने: कारखान्याने तिला बिड्या वळायला पान-तंबाखू देणं बंद केलं, म्हणजे तिचं कामच गेलं.

रिकामं सूप मांडीवर घेऊन ती प्रज्ञाला म्हणाली, "रडतेस काय? हाही फोटो काढ. चेहऱ्यासकट."