डावं चाक

पिलूचं दूध पिऊन झालं तशी मी तिला कडेवर घेऊन अंगणात आले. क्लेटने जुन्या ट्रकची मागची दोन्ही चाकं अधांतरी उचलली होती. झिजलेले दोन्ही एक्सल, म्हणजे चाकांना मधल्या गिअरशी जोडणारे दांडे, काढून डायपरच्या फाडलेल्या खोक्यावर ठेवले होते; चाकं मात्र जागेवरच होती. एक्सल आत असले की उजवं चाक फिरवल्यावर डावं उलटं फिरतं. आता ते फिरायचं काही कारणच नव्हतं.

क्लेट डाव्या चाकाच्या मधल्या भोकात बोटं घालून आत अडकलेला एक्सलचा तुटका तुकडा चाचपत होता. चाक हळूहळू फिरत होतं.

"मेरिबेथ, पलीकडून चाक फिरवायचे चाळे नकोत हं," तो हसत म्हणाला. "बोटं गेली तर रोजची भांडी तुझ्याच गळ्यात!"

"अरे, मी तुझ्या मागे उभी आहे."

त्याने वळून पाहिलं. ट्रकखालून पलीकडचं कापलेल्या मक्याचं शेत दिसत होतं. तिथे कुणाचेही पाय नव्हते.

चाक थांबलं. मग उलटं फिरू लागलं.

"क्लेट, बोटं काढ!"

"काढतोय." मग पिलू घाबरू नये म्हणून अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "धरलीत गं कुणीतरी. तिला आत ने."