पावसापर्यंतचं काम

शेवटची टोपली पाळीवर उपडी करून पुनाराम कोहळी खाली उतरला, तो हसत हसतच. भर वैशाखात, दुष्काळाच्या सालात, सरकारी तलावाची पाळ, पाणी अडवणारा मातीचा बांध, पुरी झाली होती. काम करणारे सगळे कोहळी, पिढ्यान् पिढ्या तलाव बांधत आलेले. माती हातात आली की त्यांना भूकसुद्धा आठवत नाही, हीच त्यांची खोड.

मोहाच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेल्या सरकारी कारकून ईश्वरदास मुन्शीनं कपाळावर हात मारला.

"झाली? इतक्यात कशी झाली?"

"झाली जी! पाय देऊन पाहा."

"अरे, हे काम पावसापर्यंतचं होतं! साहेबानं हिसाब लावून दिलं होतं. जल्दी करा म्हणून कोणी सांगितलं तुमाले?"

पुनारामला वाटलं, मुन्शी गंमत करून राहिला. पण मुन्शीनं खूण केली अन् शिपाई दाण्याच्या पोत्याचं तोंड बांधू लागला. सरकारचा नियम साधा होता : धडधाकट माणसाला कामाशिवाय दाणे नाहीत. अन् काम तर संपलं.

"मंग दुसरं काम द्या जी."

"आहे ना. खडी फोडाचं. इथून वीस कोस."

घरी पुनारामची सून रुख्मिणी दिवस भरलेली. या दाण्यांवरच तिची पेज शिजत होती. तिला वीस कोस चालवायचं म्हणजे वाटेतच तिच्यासाठी खड्डा खणायचा.

"सून बाळंतपणाले टेकली," पुनारामनं हात जोडले. "आमी दोघं बी गेलो त तिच्यापासी कोन राहील?"

"मी काय करू भई? नियमात काम लागते. कोणतंही असो, पण लागते."

पुनारामची बायको सुभद्राबाई हातातली टोपली आदळून पुढं आली.

"कोनतंही? मंग हेच पाळ फोडून माती जिथून काढली त्याच खड्ड्यात परत टाकली, त थे काम होते का नाई?"

तिनं ते थुंकल्यासारखं म्हटलं होतं. मुन्शीला ती अर्जी वाटली. त्यानं डोळे मिटले, ओठ हलवत नियम आठवून पाहिला. माती उचलायची, टाकायची, मोजायची. कुठली उचलायची, ते नियमात नव्हतं.

"होते!" त्यानं मांडीवर थाप मारली. "होते ना बाई! बरोबर अकल चालवली! सोड रे पोतं!"

शिपायानं पोत्याचं तोंड सोडलं.

"मंग तलाव कायले बांधला गा?" पुनाराम ओरडला. "पाऊस आला त पानी कोठी अडल? धान कायच्यावर पिकल? पुढच्या साली बी असंच मराचं का आमी?"

"मरता कायले? पुढच्या साली पुन्हा काम काढू," मुन्शी म्हणाला. त्याला खरंच त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

सुभद्राबाईनं कुदळ नवऱ्याच्या हातात दिली. "रुख्मिणीची पेज," एवढंच म्हणाली.

पुनारामनं पाळीला हात लावून कपाळाला लावला अन् घाव घातला. चोपून चोपून घट्ट केलेल्या मातीवरून कुदळ ठण्णकन उसळून परत आली. पाळीला ओरखडाही नाही.

"वा! पक्की बांधली!" मुन्शी खुश झाला. "फोडता फोडता पावसाळा लागते बघा. शाबास!"

पुनारामनं कुदळ पुन्हा उचलली. या खेपेला त्यानं पाळीकडं पाहिलं नाही, मुन्शीकडं पाहिलं.

मुन्शीनं खुर्ची जराशी मागं सरकवली.